आखितीनंतरचं हॉलंड

गावाकडच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. बाबांनी एका वर्षी सेलूच्या मोंढ्यात कापूस घातला, तेव्हा अडत्यानं दिलेलं. वर्ष संपलं, तारखांची पानं चुलीत गेली, वरचं चित्र मात्र राहिलं. एक पट्टा लाल, एक पिवळा, एक जांभळा असं लांबच लांब फुललेलं शेत, आणि मागे चार पंखांचं उंच घर. माय त्या चित्राखाली बसून भाकरी थापायची. धुरानं चित्रातलं आभाळ तपकिरी झालं, पण फुलांवरून ती अधूनमधून पदराचं टोक फिरवायची. त्यामुळे फुलं शेवटपर्यंत स्वच्छ होती.

हे काश्मीर आहे यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. बाबा जेवता जेवता वर बघून म्हणायचे, "यंदा कापूस चांगला आला की न्हेतो बघ तुला तिथं."

"आधी पोखर्णीला तर न्या," माय म्हणायची. पोखर्णीचा नरसिंह एका दिवसात जाऊन येण्यासारखा, पण तेही बाबांनी तीन वर्षं पुढे ढकललं होतं.

आठवीत मला अक्कल फुटली. भूगोलाच्या पुस्तकात पवनचक्की बघितली आणि घरी येऊन मी जाहीर केलं की हे काश्मीर बिल्कुल नाही, हे हॉलंड आहे, आणि ते युरोपात आहे. बाबांनी घास तसाच हातात धरून थोडा विचार केला. मग म्हणाले, "असं हाय का? मग जरा जास्तीचा कापूस लागंल."

तो जास्तीचा कापूस काही आला नाही. मी शिकले, परभणीला शाळेत शिक्षिका म्हणून लागले, आणि एका वर्षी मीच हट्टाला पेटले की आता आपण तिघं जायचंच. पासपोर्ट काढले. बाबांनी आपला पासपोर्ट सातबाऱ्याच्या कागदांसोबत पेटीत ठेवला, आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. पासपोर्टवर एकही शिक्का नाही. अजूनही तो त्याच पेटीत आहे.

दोन महिने माय प्रवासाचं नाव काढेना. मग एका सकाळी पीठ मळता मळता म्हणाली, "आपण दोघी जाऊ. मला त्या फुलात उभं राहून फोटू काढायचाय. त्यानला दाखवायचाय." बास, तेवढंच. तिला बोट नको होती, बाजार नको होता, राजवाडे नको होते. त्या शेतातला एक फोटो, बाबांच्या फोटोसमोर धरायला.

ट्रॅव्हलवाला म्हणाला, एप्रिलमध्ये जा. माय म्हणाली, आखिती झाल्याशिवाय न्हाई. बाबांच्या जाण्यानंतरची ती पहिली आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. मातीचा नवा घडा, म्हणजे करा, पाण्यानं भरायचा, आमरस-पोळीचं पान पितरांना वाढायचं, त्याआधी आंबासुद्धा तोंडाला लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. "पहिल्याच सालाला मानूस उपाशी ठेवून मी फुलं बघत हिंडू का?" आणि त्या वर्षी आखिती आली नेमकी मे महिन्यात. ट्रॅव्हलवाल्यानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मेच्या मध्याला फुलं राहतील याची खात्री नाही."

हे मी मायला सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पुढच्या वर्षी बघू, आणि त्या 'पुढच्या वर्षी'नं आमच्या घरातली तीसेक वर्षं खाल्ली होती. शिवाय माझंही एक अडाणी गणित होतं. आपला झेंडू दसऱ्याला येतो आणि दिवाळीपर्यंत टिकतो. मग यांचं फूल आठ दिवसांत कुठं पळून जातंय? विमानात बसल्यावर मोबाइलमध्ये साठवून घेतलेली माहिती वाचली, तेव्हा कळलं की पळून जातं. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! शेजारी माय खिडकीतून ढग बघत होती आणि मधूनच मला धपाट्याचा तुकडा देत होती.

तिथं पोचल्यावर पहिल्याच दिवशी बसमध्ये आमच्या गाइडनं माइकवर सांगून टाकलं की फुलांचा हंगाम संपला, बागही बंद झाली, पण काळजी नको, आपण पवनचक्क्या बघू आणि चीझचा कारखाना बघू. मायला त्या घोगऱ्या माइकमधलं काही कळलं नाही. "काय म्हणायलीय ती?" तिनं विचारलं. "शेत नंतर आहे म्हणतेय," मी म्हणाले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या बाईनं हे केलं.

दुसऱ्या दिवशी बाकीचे बोटीत बसायला गेले. मी गाइडला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तिनं बिचारीनं बसचा नंबर आणि उतरायचं ठिकाण कागदावर लिहून दिलं. मायनं बाबांनी शेवटच्या दिवाळीला घेतलेलं हिरव्या काठाचं इरकली लुगडं नेसलं. वर माझा स्वेटर, कानाला बाबांचा मफलर. बसमध्ये तिनं दोनदा केसांवरून हात फिरवला. फोटोसाठी ती किती तयार होती हे बघून मला उठून पळून जावंसं वाटलं.

बस आम्हाला शेतांच्या कडेला सोडून गेली. लांबवर चार पंखांचं घर होतं, अगदी चित्रातल्यासारखं. शेताचे पट्टेही तसेच सरळ, पण सगळे हिरवे. नुसती पानं आणि मुंडकं उडवलेले देठ. बांधाला सुकलेल्या पाकळ्यांचे ढीग कुजत पडले होते.

"कुठं हाय?" मायनं विचारलं.

"हेच आहे," मी म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ट्रॅव्हलवाल्याचा फोन, माझं गप्प राहणं, बसमधलं खोटं, सगळंच.

माय रडली असती तर मला सोसलं असतं. ती भडकली. "मला सांगायचं होतंस की! मी काय कुकुलं बाळ हाय? त्यानला म्हणलं असतं मी, यंदा सोय न्हाई, लवकर जेवून घ्या. तुझ्या बापानं काय न्हाई म्हणलं असतं? जन्मभर माझ्या मागं कधी जेवाय वाढ म्हणून लागले न्हाईत ते." मग कालव्याच्या काठावर माझ्याकडे पाठ करून बसली, पिशवीतून धपाटं काढलं आणि एकटीच खाऊ लागली. मला विचारलं नाही. आमच्या घरात याच्याहून मोठी शिक्षा नाही.

खाऊन झाल्यावर ती उठली, चपला काढल्या आणि शेतात शिरली. मी मागून ओरडले, लोक काय म्हणतील! तिनं वळूनही बघितलं नाही. ती खाली बसली, माती चिमटीत धरून चोळली, आणि एवढ्या रागातही तिला राहवलं नाही. "वाळूच हाय की गं ही. ह्यात कसं पिकवायलेत?" मग एक देठ निरखला. "हे गळालं न्हाई. मुद्दाम खुडलंय."

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून एक म्हातारा शेतकरी उतरून आला. मी इंग्रजीत माफी मागायला तोंड उघडलं, तर माय बसल्या जागेवरून त्याला मराठीत विचारू लागली. देठाकडे बोट, मग जमिनीकडे बोट, मग मूठ हळूहळू मोठी करून दाखवली. म्हातारा हसला आणि त्यानं जोरजोरात मान हलवली. हातातल्या खुरप्यासारख्या अवजारानं त्यानं एक झाड उकरलं आणि त्याच्या मुळाशी धरलेला, पुढच्या हंगामाला लावायचा कांदा झटकून मायच्या तळहातावर ठेवला.

"बघ," माय मला म्हणाली. राग विसरून बोललेलं ते पहिलं वाक्य. "फूल ठेवलं तर कांदा पोसत न्हाई. म्हणून खुडतेत. आपल्या चित्रातलं शेत फुलाचं न्हवतंच गं, कांद्याचं होतं. इतके दिवस कुणाला कळलं न्हाई."

तेव्हा मी फोटो काढला. बिनफुलांच्या हिरव्या वाफ्यात उकिडवी बसलेली माय, तळहातावर मातीनं भरलेला कांदा, मफलर सुटलेला. कांदा तिनं म्हाताऱ्याला परत दिला. वाढीला लागलेलं पीक घरी न्यायचं नसतं, असं म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिनं मला अर्धं धपाटं दिलं.

परभणीला आल्यावर फोटो मोठा करून घ्यायला आम्ही स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसानं पडद्यावर फोटो बघितला आणि हळहळला. "आजी, मागं काहीच दिसेना की. फुलं टाकून देऊ का? लाल, पिवळे, पाहिजे तसले. पाच मिनिटांचं काम हाय." मी मायकडे बघितलं. मला मनापासून वाटलं, हो म्हण. माझी चूक पाच मिनिटांत पुसून निघाली असती.

माय पडद्याजवळ सरकली. "नगं," ती म्हणाली. "ज्यानला दाखवायचाय ते शेतकरी व्हते. खुडलेलं शेत त्यानला वळखू येतंय."

तो फोटो कॅलेंडरच्या जुन्या खिळ्यावर लागला. कॅलेंडरचं चित्र तिनं घडी घालून पेटीत ठेवलं, बाबांच्या पासपोर्टजवळ.

पुढच्या आखितीला मी गावी होते. मायनं करा भरला, पान वाढलं, आणि खिळ्यावरचा फोटो काढून बाबांच्या फोटोसमोर टेकवून ठेवला. मी दारातच थांबले.

"घ्या, बघा," ती त्यांना म्हणाली. "तुमचं जेवण होईस्तोर फुलं सरले. तरी जाऊन आले मी."

मग वाकून तिनं त्यांच्या पानावर आणखी एक वाटी आमरस वाढला.