पंख मिटणारं विमान

आमच्या घरमालकांचं विमान एका हॉटेलवाल्याला छताला टांगायचं होतं. इंजिन काढून, खाली टेबलं मांडून. घरमालक हो म्हणायच्या बेतात होते, कारण त्यांना दुसरा उपायच दिसत नव्हता. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या आमच्या गावात गवताची धावपट्टी आहे. ती राहणार होती, पण तिथलं विमानं ठेवायचं हँगर पाडून पालिका पार्किंग करणार होती. विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. एक हिवाळा उघड्यावर काढला की संपलं.

मी तेव्हा पीएचडी करत होते, म्हणजे मुख्यतः पत्रकं वाटत होते. भाडेवाढ, बंद केलेल्या बसफेऱ्या, काहीही. हा तर घरातलाच अन्याय. मी पेटले.

पत्रकात मी विमान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा अख्खा इतिहास घातला, कारण तो राग येण्यासारखाच आहे. उडणं ही श्रीमंतांची चैन होती तेव्हा या लोकांनी शाळामास्तरालाही झेपेल असं दोन जणांचं विमान काढलं. पंख मागे मिटायचे, मोटारीला बांधायचं आणि घरी न्यायचं. मग युद्ध आलं, कारखाना सैन्याच्या कामाला जुंपला गेला. युद्ध संपलं तेव्हा मास्तरांचे खिसे रिकामे. कंपनीला एका मोठ्या कंपनीनं गिळलं, तिला आणखी मोठीनं, आणि शेवटी दारावरची पाटीसुद्धा उतरवली. तिचं उरलंसुरलं विमान आता श्नित्सेलच्या ताटांवर टांगणार? नवं हँगर मिळालंच पाहिजे!

शनिवारच्या बाजारात लोकांनी पत्रक सभ्यपणे घेतलं. एका आजींनी त्यातल्या दोन चुका पेनानं दुरुस्त करून ते मला परत दिलं. पालिकेनं कळवलं, एवढ्या रुंद विमानाला जागा नाही. मी दुसरं, जास्त तिखट पत्रक लिहायला बसले.

खालच्या मजल्यावर पुण्याच्या वहिनी राहतात, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. चहा घेता घेता त्यांनी पहिलं पत्रक वाचलं.

"अगं, पंख मिटतात असं तूच लिहिलंयस ना?"

"हो. मग?"

"मग हँगर कशाला मागतेस? शेड माग की."

मागणी एकदा छापली की मी ती वाचत नाही, ओरडते.

घरमालकांना विचारलं तर ते लाजले. डोक्यावर हँगर होतं, त्यामुळे पंख मिटायची वेळच कधी आली नव्हती. आता हात लावला आणि काही मोडलं तर, ही धास्ती. वहिनी तेलाची बाटली घेऊनच निघाल्या. पंख अडकवणाऱ्या खिळी सुटल्या, एक सोडून. मी हातोडी उचलली. "ठेव ती खाली," वहिनी म्हणाल्या, "हा मोर्चा नाहीये." तेल मुरेपर्यंत आम्ही गवतात बसून राहिलो. मग खीळ निघाली आणि पंख हळूच मागे वळून शेपटीला जाऊन टेकला. घरमालक मोठ्यानं हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्यांच्या चुलत बहिणीचा द्राक्षमळा आहे, तिथे ट्रॅक्टरची शेड. वहिनींच्या गाडीमागे, शेपूट पुढे करून, आम्ही विमान मळ्याच्या रस्त्यानं चालत्या माणसाच्या वेगानं नेलं. मागे सायकलवाल्यांची रांग लागली. कुणी शिव्या दिल्या नाहीत, उलट घंटा वाजवल्या. घोषणा नसलेल्या मिरवणुकीत मी पहिल्यांदाच चालत होते. विमान शेडमध्ये अंग चोरून बसलं, पण बसलं. घरमालकांनी तिथूनच हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

बहिणीची एकच अट होती: "द्राक्षं उतरवायच्या दिवसांत शेड मला रिकामी हवी."

मी भाडेकरूंच्या हक्कांवर सुरू होणार, तेवढ्यात घरमालक म्हणाले, "मिळेल. तेव्हा आम्ही वर असू."

आम्ही म्हणजे कोण, असं मी विचारलं. मागची सीट एकच. वहिनींचा हात आधीच वर होता. हा उघड अन्याय आहे, असं मी तिथल्या तिथे दोन भाषांत सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "काढ पत्रक."