सरकारी गाडीतला विडीचा वास

तो वास आजही आठवतो. चोऱ्या, मारामाऱ्या, खून, असले लय तपास केले नोकरीत. पण सेलू तालुक्यातल्या आमच्या ठाण्यात एकदा चक्क वासाचा तपास करावा लागला, आणि संशयित होता आमचाच ड्रायव्हर हवालदार. त्याला सगळे आप्पा म्हणायचे.

मी तेव्हा ठाणे अंमलदार. रिटायर व्हायला थोडीच वर्षं उरली होती, पण नकला करायची शाळेतली खोड सुटली नव्हती. साहेब बाहेर गेले की मी त्यांच्या आवाजात हजेरी पुकारायचो आणि नवीन पोरं खरंच सावधान उभी राहायची. साहेब तरुण, पुण्याकडचे, कडक. विडी-सिगारेटचा धूर त्यांना अजिबात चालायचा नाही.

आणि गाडीत वास यायला लागला तो विडीचाच. ठाण्यातून निघताना काही नाही. देवगाव फाटा मागं पडला की एसीच्या जाळीतून जळका, कडवट वास. आप्पा एके काळी पट्टीचा विडीवाला. कोरोनातून उठला तेव्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं विडी सोडली होती. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, मला तर कसलाच वास येत नाही. मागं दोन शिपाई नाकाला रुमाल लावून बसलेले, आणि हा म्हणतो वास नाही. साहेबांना वाटलं, हा आपल्याला बनवतोय.

मला केबिनमध्ये बोलावलं. "जमादार, तुम्ही छडा लावा. ते विडी ओढत असतील तर मी त्यांची गाडी काढून घेणार आणि मुख्यालयाला पाठवणार."

आप्पाचा सगळा जीव त्या गाडीत. त्यात पोरीची शपथ मोडली म्हणून गावभर झालं असतं, ते तर त्याला सोसलंच नसतं.

मी नेहमीसारखा बातमीदारापासून सुरुवात केली. फाट्यावरचा टपरीवाला जुना माणूस. चहा पुढं सरकवत हळूच म्हणाला की तुमचा आप्पा परवाच माझ्याकडून मूठभर तंबाखूची पानं घेऊन गेलाय. झालं. माझ्या डोक्यात केस तयार.

आप्पाला मागच्या खोलीत घेतलं, चहा मागवला आणि साहेबांच्या आवाजात विचारलं, तंबाखू कशाला लागली तुम्हाला? एरवी ह्या नकलेवर तो पोट धरून हसायचा. आज हसला नाही.

"उंदरासाठी घेतली," म्हणाला.

"का? उंदीर विड्या वळायलेत का?"

"हस तू. बोनेटात पुरचुंडी बांधली की उंदीर वायरी कुरतडत न्हाईत. आमच्याकडं ट्रॅक्टरला बी तसंच करतेत."

ठाण्याच्या मागं जप्त केलेल्या ज्वारीची पोती होती, उंदीर भरपूर होते, हे खरं. पण विडी, तंबाखू आणि वास एका ओळीत बसल्यावर कोण कुणाचं ऐकतंय. मग वास कशाचा येतो, असं मी फिरवून फिरवून विचारलं. तो एकच म्हणे, मला येत न्हाई. आता खोटं बोलणारा दर वेळी जबाबाला थोडी झालर लावतो. ह्याचं वाक्य जसंच्या तसं. ते मला खटकायला लागलं.

तेवढ्यात चहा आला. एक घोट घेतला आणि बाहेर जाऊन थुंकलो. दूध पार करपलेलं. परत येऊन बघतो तर आप्पानं कप रिकामा करून मिशी पुसलेली. "साखर कमी हाय," एवढीच त्याची तक्रार.

मला वेगळीच शंका आली. मग त्याला डोळे मिटायला सांगितले, संडासातली फिनेलची बाटली आणून नाकाखाली धरली आणि विचारलं, काय हाय सांग. तो डोळे मिटूनच म्हणाला, "धर की काहीतरी. वाट बघायलोय."

माझं हसणंच गेलं. "कवापासनं?"

"दवाखान्यातून आलो तवापासनं. कुणाला सांगू नको बाबा. ड्रायव्हरकी जाईल."

आम्ही दोघांनीच गाडी वालूरच्या रस्त्याला काढली. वास आला तसं मी थांबायला सांगितलं आणि बोनेट उघडलं. पुरचुंडी सुटून सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडली होती. निम्मी तंबाखू काळी झालेली, फडक्याची कड लाल, आणि वीतभर अंतरावर वायरी. काठीनं ती खाली पाडली, माती टाकली. पाइप गार झाल्यावर चिकटलेलं सगळं ओल्या फडक्यानं पुसून काढलं. येताना वासाचं नाव नाही.

मी खुशीत होतो. आप्पाला म्हणलं, साहेबांना एवढंच सांगू की उंदरासाठी ठेवली होती, पडली, जळली. नाकाचा विषयच काढायचा नाही.  आप्पानं पुरचुंडीचं ते जळकं फडकं कागदात गुंडाळून सोबत घेतलं होतं. ठाण्यात आल्यावर माझ्या आधी तोच केबिनमध्ये शिरला. सॅल्यूट मारला, फडकं आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"साहेब, विडी मी पिलो न्हाई. तंबाखू उंदरासाठी ठिवली हुती, ती जळायली हुती. पण गाडी पेटली असती तरी मला कळलं नसतं. मला वासच येत न्हाई. माझ्या भरवशावर तुमी बसता, पोरं बसतेत."

आरोपातून सुटलेला माणूस होता तो. कुणी विचारलंही नव्हतं.

साहेबांनी ते फडकं उलटसुलट करून बघितलं. मग खुर्चीतून उठले. वयानं मोठ्या हवालदारासमोर उभे राहून म्हणाले की मी तुमच्यावर संशय घेतला, चुकलो. आणि किल्ली परत त्याच्या हातात दिली. "डॉक्टरांना दाखवू, ते म्हणतील तसं करू. तोवर वास येणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय गाडी हलणार नाही. जमादार, तुमचं नाक कसं आहे?"

माणसं खोटं का बोलतात हे मला नोकरीनं शिकवलं. पण सुटका झाल्यावर, स्वतःचं नुकसान समोर दिसत असताना, माणूस आपणहून खरं बोलतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आमच्या साहेबांसारखा ते ऐकून घेणाराही क्वचितच भेटतो.

पोती मग आम्ही दुसरीकडं हलवली आणि बोनेटाखाली बारीक जाळी बसवली. येलदरीच्या बंदोबस्ताला निघताना मी बोनेटावर वाकायचो, दोन-तीनदा जोरात हुंगायचो आणि साहेबांच्या आवाजात ओरडायचो, "वास निरंक, गाडी सोडा!" मगच आप्पा किल्ली फिरवायचा.

मागच्या सीटवरून खरे साहेब म्हणायचे, "ऐकू येतंय मला, जमादार."