एका आजीच्या दोन आज्या

आमच्या व्याह्यांना नुसता माणूस कधी भेटतच नाही. त्यांना भेटते ती त्या माणसाच्या खापरपणजोबांपासून लागलेली रांग, आणि रांगेच्या शेवटी उभा असलेला तो बिचारा त्यांना जरा अडचणीचाच वाटतो. माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी करायला ते दिल्लीतल्या द्वारकेहून नोएडाला आमच्याकडे आले, तेव्हा मुलाचा पगार, स्वभाव, पत्रिका यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात धरून म्हणाले, "तुमच्या चुलत आजेसासऱ्यांना मुलं किती?" मी मनात म्हटलं, झालं! यांच्या कानावर काहीतरी आलेलं दिसतंय. पण तसं काही नव्हतं हो. उत्तर मिळालं, पोहे खाल्ले आणि लग्न ठरलं.

मेट्रोत कुणी मराठी बोलताना ऐकू आलं की यांचं स्टेशन गेलंच म्हणून समजा. गाव कुठलं, कुळदैवत कुठलं, आजोळ कुणाकडे, असं करत करोल बागेला उतरायचा हा माणूस थेट नोएडाला पोचतो, आणि आलोच आहोत म्हणून आमच्याकडे चहाला येतो. एकदा मुलीच्या शालूसाठी गेले तर दुकानदाराच्या पाच पिढ्या घेऊन परतले, शालू दुकानातच. "आता त्यांचे परदादाच नेसवा पोरीला," विहीणबाई म्हणाल्या. त्या असं बोलतात आणि चहा टाकायला आत जातात.

तर अशा माणसाला जावयाने, म्हणजे माझ्याच मुलाने, इंटरनेटवरचा एक अभ्यासगट शोधून दिला. वंशावळी तयार करणं हाच पुढे व्यवसाय करायचा असं ठरवलेली माणसं रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर जमतात आणि एकमेकांकडून शिकतात. शिकवणारा कुणी नाही, सगळे सारखेच. हे सारखेपण व्याह्यांना मुळीच पचेना. आयुष्य गेलं केंद्र सरकारच्या कचेरीत! पहिल्याच दिवशी वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, अशा थाटात बसून त्यांनी विचारलं, "यात साहेब कोण?" कुणीच नाही म्हटल्यावर अस्वस्थ झाले. शेवटी पुण्याची एक मुलगी, माझी नात शोभेल अशी, जरा ठणकावून बोलते म्हणून तिलाच त्यांनी साहेब करून टाकलं. ती "काका, माइक चालू करा" म्हणाली की हे खुर्चीतच ताठ होतात.

हसण्यावारी नेऊ नका, त्यांच्या दृष्टीने मामला गंभीर होता. परक्या घराण्याची वंशावळ करून गटापुढे मांडायची, इतरांनी ती तपासायची, आणि पसंत पडली तरच पुढे लोकांची कामं घेऊन त्यावर स्वतःची सही करता येणार. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या सहीची कुणाला गरजच उरली नव्हती. पूर्वी त्यांच्या सहीवाचून फाइल हलत नसे म्हणे, आणि आता कुरियरवाला आला तरी सोसायटीचा गार्डच सही करून मोकळा होतो. त्यांना ती सही परत हवी होती.

परकं घराणं म्हणून त्यांनी माझं माहेर निवडलं. महिनेच्या महिने फोन. भाजी फोडणीला टाकली की यांचा फोन आलाच, "विहीणबाई, तुमचे मोठे काका आधी गेले की धाकटे?" एक दिवस मात्र स्वतःच आले, चपला काढून हळूच बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कसं सांगू… तुमच्या आजोबांना दोन बायका होत्या."

"काय सांगता!"

"लग्नपत्रिकेत ठकू आहे. घराच्या कागदावर रमाबाई. म्हणजे ठकू लवकर गेली असणार. वाईट वाटून घेऊ नका."

मला हसावं की रडावं कळेना. "अहो, लग्नात नाव बदललं तिचं! ठकू तीच, रमा तीच. मी तिच्या मांडीवर वाढलेय!"

मराठी घरातला एवढा जाणता माणूस, पण पुराव्याच्या नादात ही साधी रीतच विसरला. कान धरून हसले, वंशावळीतल्या दोन चौकटींची एक केली आणि परीक्षेच्या रविवारी मला आपल्या घरी बोलावून साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. पण गटाचा नियम असा की प्रत्येक गोष्टीला दोन वेगवेगळे पुरावे हवेत. इथे नुसती एक म्हातारी, म्हणजे मी. तिला ओळखणारी बाकीची माणसं केव्हाच गेली.

पुण्याची मुलगी गोड बोलली. "काका, मला पटतंय. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. तूर्त दोघींना दोन चौकटींत ठेवा, खाली 'बहुधा एकच' लिहा. बाकी काम परफेक्ट आहे, आज पास करून टाकू."

मी कोपराने ढोसलं. हो म्हणा की! व्याह्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "मॅडम, जी बाई त्या घरात कधी नव्हतीच, तिला मी आणून बसवू? आणि होती तिला अर्धी करू? सही माझी असणार आहे. नाही जमायचं."

"मग पुढच्या खेपेला पुन्हा मांडावं लागेल, काका."

"मांडू," म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला. शर्टाची वरची गुंडी काढली. मला वाटलं आता चिडतील, गटाला नावं ठेवतील. पण नाही. मलाच विचारलं, "ठकू म्हणून तिला नंतर कुणी हाक मारायचं का हो?" मी म्हटलं, तिचा भाऊ यायचा तोवर मारायचा. तो गेल्यावर कोण मारणार!

त्यांनी समोरचे कागद गोळा केले. मग अगदी सहज सांगावं तसं म्हणाले, "हिचं नाव मीच बदललं. तांदळात अंगठीने लिहिलं, मृणालिनी. मला आवडायचं ते नाव. हिला विचारलं वगैरे काही नाही. त्या वेळी कोण विचारतं?" आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून, जरा चाचरतच, हाक मारली, "कुसुम…"

आत पोळ्या चालल्या होत्या. लाटण्याचा आवाज क्षणभर थांबला. ओ काही आली नाही. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आणि आम्ही दोघं तो ऐकत बसलो.