मोहाच्या झाडाला बांधलेली तार

ती घटना आठवली की अजूनही माझं डोकं फिरतं. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही.

मी चौथी शिकलेली बाई. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. नोकरी संपेपर्यंत प्रधान आरक्षक झाले. लोक हवालदारीन म्हणत, ठाण्यातले काकी म्हणत. आमच्या ठाण्यात बाईमाणूस मी एकटीच, म्हणून कोणत्याही बाईला पकडायचं असलं की जीपमध्ये आधी मला बसवत.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. लालबर्ऱ्याच्या पुढं, बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलात, डोंगरांच्या मधोमध एक जुना तलाव आहे. तिथं बाहेरच्या एका माणसानं रेस्टहाऊस बांधलं आणि डोंगरातून सायकली चालवायची वाट काढली. सायकली म्हणजे आपल्या दूधवाल्याच्या नव्हेत. जाड टायरच्या, गिअरच्या, पुढं स्प्रिंगा लावलेल्या. नागपूरची, जबलपूरची पोरं सुट्टीत यायची, डोंगरमाथ्यावरून सुसाट उतरायची आणि तलावाला वळसा घालून परत चढायची. हौस होती, माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती वाट नवी नव्हती. गावची गुरं पिढ्यान् पिढ्या त्याच वाटेनं पाण्यावर जात. वाटेच्या दोन्ही अंगांना गावकऱ्यांची मोहाची झाडं. कोणतं झाड कोणत्या घरचं हे गावात सगळ्यांना ठाऊक.

मोह गळायच्या दिवसांत एका सकाळी ठाण्यात खबर आली. नागपूरचा एक तरुण उतारावरून सायकलीनं येत होता. वाटेवर आडवी तार होती, ती गळ्याला लागली. पोरगा जागीच गेला. नवी नोकरी लागलेला, आईबापांचा एकुलता एक.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. रेस्टहाऊसचा मॅनेजर पुढं आला. डोळ्याला काळा चष्मा, हातात झुडपातून सापडलेली तार. त्यानं ती स्वतः उचलून आणली होती. ठाणेदारसाहेबांनी त्याला जागेवरची वस्तू का हलवली म्हणून एक शब्द विचारला नाही. तो म्हणाला, "सर, ये गाँववाले शुरू से ट्रेल के दुश्मन हैं. एक औरत ने तो सबके सामने धमकी दी थी."

धमकी खरी होती. सायकलवाल्या पोरांनी एका विधवेची मोहफुलं चाकाखाली चिरडली होती. ती दगड घेऊन धावली आणि ओरडली, "पुन्हा आले तं गळे कापीन एकेकाचे!" मॅनेजरच्या मागं चहाटपरीवाला उभाच होता. तोच आमचा मुखबीर, ठाण्याला खबरा पुरवणारा; फाट्यावर टपरी आणि भाड्यानं एक जीप. त्यानं साहेबांच्या कानात सांगितलं की पहाटे त्याच बाईला तार घेऊन जाताना पाहिलं.

आम्ही गावात गेलो. पहाटे गावात एक म्हातारा वारला होता, पुरुष सगळे नदीवर मयतीला गेले होते. साहेब म्हणाले, "देखो, मर्द सब भाग गए." मी म्हटलं, "साहेब, मयत आहे." ते म्हणाले, "बहाना है."

बाई मयतीच्या घरीच इतर बायांत बसलेली होती. मी तिचा हात धरला तेव्हा तिनं सोडवून घेतला नाही. एवढंच म्हणाली, "तार त्यायचीच हाय, रेस्टहाऊसवाल्यायची. रोज रात्री ते लावतेत. मी काहून बांधू? मी तं इथं बसून राह्यली."

बाकीच्या बाया एका सुरात तेच बोलल्या. साहेब हसले. "पूरा गाँव एक ही गवाही देगा."

ठाण्यात बाईला माझ्याजवळ बसवलं. मॅनेजरला साहेबांच्या खोलीत खुर्ची आणि चहा. मर्ग कायम झाला, म्हणजे मृत्यूची नोंद झाली, आणि ठाण्याच्या लिहिणाऱ्या मुन्शीनं कलम खुनाचं धरलं. मेलेल्या पोराचा बाप नागपूरहून आला, दारातून बाईकडं बघत राहिला आणि म्हणाला, "हीच का?" बाईनं मान खाली घातली नाही. तिनं त्यालाच विचारलं, "दादा, तुमचा पोरगा व्हय? मले माफ करा, पण मी नाही केलं." तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला.

मी त्या खात्यात इतकी वर्षं काढली, मला एक गोष्ट पक्की कळली होती. दहा माणसांसमोर गळा कापीन म्हणणारी बाई घरी जाऊन भाकरी थापते. कापणारा आधी सांगत नाही. पण एवढ्यावर कागद होत नाही. मी साहेबांना म्हटलं, मुखबिराचं बयान माझ्यासमोर घ्या. त्यांना वाटलं म्हातारीची हौस, घेऊ द्या.

टपरीवाला आला, ऐटीत बसला.

"काय पाहिलं?" मी विचारलं.

"सांगतलं ना काकी. पहाटे भिनसारे जात होती. हातात टोपली, टोपलीत तार."

"परत येताना पाहिली?"

"हौ."

"टोपली भरली होती?"

"भरली होती ना. मोहानं गच्च."

"एकटीच होती?"

"नाही जी, साऱ्या बाया येचून राह्यल्या होत्या आपापल्या झाडाखाली. रोजच येचतेत."

"सगळ्या?"

"साऱ्या. मी काय खोटं बोलू?"

मी साहेबांकडं वळले. "साहेब, तुमचे बूट बघा."

साहेब चिडले. "क्या हुआ जूतों को?"

"बघा तर."

बुटांच्या तळव्याला मोहफुलांचा चिकट लगदा जाड थरानं बसला होता. त्यालाच माती, त्यालाच पानं. खोलीत आंबूस गोड वास सुटला होता, तो सगळ्यांनाच येत होता. माझ्या चपलांचीही तीच गत. घटनास्थळी आम्ही फुलांच्या गालिच्यावरून चाललो होतो. मोह पहाटे गळतो आणि ऊन चढायच्या आत वेचून होतो. आम्ही गेलो तेव्हा एकाही झाडाखालचं फूल कोणी उचललेलं नव्हतं. त्या बाईच्याही नाही.

गावात मयत झाली की मयत उठून माणसं परत येईपर्यंत कोणी टोपली उचलत नाही, गुरांचं दावं सोडत नाही. टपरीवाला फाट्यावर राहतो. त्याला म्हाताऱ्याची खबर लागलीच नसेल. त्यानं रोज दिसतं तेच सांगून टाकलं. त्या दिवशी रोजचं काही झालंच नव्हतं.

मी त्याच्यापुढं खुर्ची ओढली. "आता बोल. सगळ्या बाया वेचत होत्या म्हणतोस. मग ही फुलं कुठून आली? साहेबांच्या बुटात बसून रडायला?"

त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब स्वतःच्या बुटाकडं बघत होते. मग त्यानं कबूल केलं. तसं बोलायला मॅनेजरनं सांगितलं होतं. रेस्टहाऊसचे पाहुणे आणायचं काम त्याच्या जीपला मिळायचं होतं.

त्यानंतर रेस्टहाऊसच्या चौकीदाराला आणलं. तो बिचारा पहिल्याच प्रश्नाला रडू लागला. अंधारात जाणाऱ्या बैलगाड्यांनी वाट उखडते म्हणून मॅनेजरनं रात्री वाटेवर तार लावायला सांगितली होती. एका मोहाला कायमची बांधलेली, दुसऱ्या मोहाच्या आकड्यात अडकवायची. सकाळी गुरं तलावाकडं निघाली की घंट्यांच्या आवाजानं हा उठायचा आणि तार काढायचा. मग दिवसभर वाट मोकळी. त्याला घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं.

"त्या दिवशी घंट्या वाजल्याच नाही जी," तो म्हणाला. "मी झोपूनच राह्यलो. मले वाटलं अजून रात आहे."

आणि त्याच दिवशी मॅनेजरनं पाहुण्याला भल्या पहाटे एकट्याला सोडलं होतं, चौकीदाराला न सांगता. पोरगा पडल्यावर मॅनेजरनंच तार दोन्हीकडून काढून झुडपात टाकली. पोराचं रक्त सुकायच्या आत ह्या माणसाला बळीसाठी एक बाई सुचली होती. मी साहेबांच्या खोलीत गेले, चहाचा कप त्याच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "ऊठ. ती खुर्ची तिच्यासाठी रिकामी कर."

कलम बदललं. निष्काळजीपणाचं लागलं. मॅनेजरची त्याच संध्याकाळी ठाण्यातूनच जमानत झाली. गाडीत बसून गेला. चौकीदाराला जामीन द्यायला कोणी नव्हतं, तो बालाघाटच्या जेलात गेला. बाईचं नाव कागदातून निघायला मात्र साहेबांना बरेच दिवस लागले, कारण एकदा पकडलेलं माणूस सोडताना अधिकाऱ्याला लाज वाटते. तोवर ती अटकेतच होती आणि मोहाचा हंगाम सरत आला.

मी तिला जीपनं गावात सोडायला गेले. ती घरी गेली नाही, सरळ झाडांकडं गेली. सगळ्यांच्या झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ. फक्त तिच्या झाडांखाली फुलं काळी पडून सडलेली, वर माश्या. वर्षभराचं मीठ-तेल त्या फुलांतून यायचं होतं. मी जवळच्या बाईवर खेकसले, "शेजारीण आहेस ना? तिची वेचून ठेवता नाही आली?"

ती माझ्याकडं मी खुळी असल्यासारखी बघत म्हणाली, "हवालदारीनबाई, तिचं झाड हाय. तिले न इचारता कसं उचलाव?"

कोणी धमकी दिली हे पोलिसाला सहज ऐकू येतं. कोण कुठं होतं हे जमीन सांगते, पण तिथं वाकून बघावं लागतं. त्या खटल्यानं मला हे शिकवलं. दुसरं जे शिकवलं ते जास्त कडू आहे. आमच्या ठाण्यानं जिला गळा कापणारी ठरवलं, ती ज्या गावची होती त्या गावात दुसऱ्याचं सडतं फूलसुद्धा कोणी उचलत नव्हतं. आणि खुर्चीवर चहा पीत बसलेल्या माणसानं दुसऱ्याचं अख्खं आयुष्य उचलून जेलात ठेवायला दुपारही होऊ दिली नव्हती.

बाईनं पदर खोचला, खाली बसली आणि सडक्या फुलांतून चांगली एकेक निवडू लागली. मी जीप परत पाठवली आणि तिच्या शेजारी बसले.