तिसरा टॉवर

“थांबव गा, तिसरा येऊन राहिला!”

असं ओरडून तो चालत्या गाडीचं दार उघडायचा. मी ब्रेक दाबेपर्यंत त्याचा एक पाय बाहेर. मग रस्त्याच्या मधोमध उभा राहून, दोन हातांत दोन फोन डोक्यावर धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचा. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर तुम्ही असा माणूस पाहिला असेल आणि हसला असाल, तर तो हाच. गाडी चालवणारा मी. तेव्हा मीही हसायचोच.

मोबाइलचा सिग्नल कुठे किती मिळतो हे मोजत हिंडणं, हे आमचं काम. “एक टॉवर दिसला तं माणूस कोणत्या गावाजवळ हाय तेवढंच समजते. तीन दिसले का तो कुठं उभा हाय ते सांगतो,” हे तो कोणी न विचारताही सांगायचा. तिगाव स्टेशनच्या चहावाल्यालाही सांगितलं. चहावाला म्हणाला, “मी तं इथंच उभा हाओ, भाऊ.”

त्याला एका जागी बसवत नसे. डबासुद्धा येरझारा घालत खायचा. चिडून मी म्हणायचो, “दोन घास तरी बसून खा ना बापा.” तर म्हणायचा, “आई काय करून राहिली ते पाहून घेतो पहिले.” आता त्याने हे काम सोडलंय; त्याच्या जागी आलेला माणूस पट्टा लावून गप्प बसतो. मला करमत नाही.

त्याची आई मोहगावला घरी असायची. तिला विसर पडू लागला होता. दोनदा फाटकाबाहेर जाऊन हरवली होती. त्याने कापडी पिशवीत घालून एक फोन तिच्या गळ्यात अडकवला. जीपीएस लावलं तर दुपारपर्यंत बॅटरी संपायची, आणि घरात ते धड चालायचंही नाही. मग या गड्याने एक अख्खा रविवार घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहून, कुठे कोणत्या टॉवरचा सिग्नल किती येतो ते टिपलं. भिंतीगणिक आकडे बदलतात. आईच्या फोनचे आकडे त्याच्या फोनवर यायचे, तो ते नोंदींशी जुळवायचा, आणि वीसेक गावं हिंडताना कुठूनही सांगायचा, “आता देवघरात हाय.” मला ते वेड वाटायचं. खरं सांगतो, थोडी लाजही वाटायची. माझी आई कुठल्या खोलीत आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या दिवशी आम्ही रामाकोन्यात होतो. सकाळी फोन पाहून म्हणाला, “आतल्या खोलीत हाय. झोपली असन.” तासाभराने त्याच्या बायकोचा फोन आला, आई घरात नाहीत. “आतल्या खोलीत पाह्य,” तो म्हणत राहिला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला शेड आठवलं. चार दिवसांपूर्वी संत्र्याचे क्रेट ठेवायला त्याने फाटकापर्यंतच्या अंगणावर टिनाचं शेड टाकलं होतं. टिनाने सिग्नल अडवला आणि फाटकाजवळचे आकडे आतल्या खोलीसारखे येऊ लागले. आई फाटकाशी होती तेव्हा हा निर्धास्त होता.

“शेड मीच टाकलं गा, अन् नोंद बदलायची राहून गेली.”

मी गाडी कशी हाकली मला आठवत नाही. मोहगावला शेजारीपाजारी टॉवरच्या खालीच शोधत होते, कारण तिचा फोन त्या टॉवरवर आहे एवढंच त्यांना कळलं होतं. “टॉवरखाली नसते माणूस!” तो त्यांच्यावर ओरडला आणि आमच्या रस्त्यांच्या जुन्या नोंदी काढून बसला. तिच्या फोनवरून येणारे तिन्ही टॉवरचे आकडे रस्त्याच्या एकाच वळणाशी जुळले, एका संत्र्याच्या बागेला लागून.

ती तिथेच होती. पायात चप्पल नाही, पदर काट्यांत फाटलेला. तो धावत जाऊन समोर उभा राहिला. तिने त्याला नीट न्याहाळलं.

“भाऊ, माह्यं पोरगं पाह्यलं काय गा? सकाळपासून पाहून राहिली मी. सापडूनच नाही राहिलं.”

मला वाटलं, आता हा कोसळतो. त्याने दोन्ही फोन खिशात टाकले आणि तिचा हात धरला.

“चाल आई, दोघं मिळून पाहू.”

तिने बागेकडे तोंड करून त्याच्या नावाने हाक मारली. ती थांबल्यावर, तेच नाव घेऊन, त्यानेही मारली.