शेवटची ओळ पाठ होती

डोळे तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ मला आजही पाठ आहे: ग, त, र, न, प, म. वीस वर्षं बस चालवली, आणि दर तपासणीला तोच तक्ता, त्याच खिळ्याला. नव्या ड्रायव्हरांना ती ओळ मीच शिकवायचो आणि वर त्यांच्याकडून चहा उकळायचो. तेव्हा ती गंमत होती.

मग मला कोरोना झाला. ताप, खोकला आणि दोन्ही डोळे लालभडक. घरच्यांना वाटलं, डोळे आलेत. गुलाबपाण्याच्या पट्ट्या झाल्या. आठवड्यात लाली गेली, तापही उतरला, आणि मी सुटलो असं धरून चाललो. महिन्याभराने दाढी करताना उजव्या डोळ्यात फेस गेला. तो मिटला, तर आरशातला माझा चेहराच नाहीसा झाला. कानाच्या पाळ्या तेवढ्या दिसत होत्या, मधे मळकं धुकं. दुखत काहीच नव्हतं. डावा डोळा धुतला, उजवा पुन्हा झाकून पाहिला. तेच.

मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. डोळा गेला म्हणजे स्टिअरिंग गेलं, आणि स्टिअरिंगशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. दोनच दिवसांनी, कामावर रुजू होण्याआधी, तपासणी होती. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि धुक्याकडे बघत ओळ घडाघडा म्हटली. डॉक्टर म्हणाले, "वा!"

पाथर्डीच्या रस्त्यावर पंधरा दिवस तशीच गाडी मारली. समोरचं उजव्या डोळ्याने निभायचं, पण डाव्या आरशाकडे नजर टाकली की त्या डोळ्याच्या आड माझंच नाक यायचं. आरसा सारखा मळलेला वाटायचा. माझ्या गाडीवर चार वर्षं एकच कंडक्टर ताई होत्या. त्यांच्यावर मी रोज खेकसायचो, "आरसा पुसा." त्या बिचाऱ्या पुसायच्या. एकदा म्हणाल्या, "दादा, अजून किती पुसू? काच झिजंल आता." मी त्यांना तोडून बोललो. खोटं लपवणाऱ्या माणसाला राग फार लवकर येतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आमच्या कामात एक नियम कडक. कंडक्टरने एकदा घंटी वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं. डबल बेलशिवाय चाक हलवायचं नाही.

त्या सकाळी एका फाट्यावर ऊसतोडीहून परतलेली मंडळी उतरली. बोचकी उतरली, भांडी उतरली. मी गिअर टाकून तयार. बेल येईना. डाव्या आरशात पाहिलं, रस्ता मोकळा वाटला.

"ताई, बेल द्या की! खाली कोन न्हाई."

त्या मागून चालत माझ्यापाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कोन न्हाई?"

"न्हाई."

"मागच्या चाकापाशी म्हातारी वाकलीय, बोचकं उचलतीय. आरशात चांगली दिसतीय."

पुन्हा पाहिलं. धुकंच.

"दादा, आरसा साफ हाय. उजवा डोळा झाका."

"पॅसेंजर बघत्यात, ताई."

"बघू द्या. झाका. माझी बोटं किती?"

इथे पाठ केलेलं काही कामाचं नव्हतं. अंदाजाने ठोकून दिलं, "तीन."

"मूठ हाय, दादा," त्या म्हणाल्या. "गाडी बंद करा. मी बेल देनार न्हाई."

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. तरी चावी फिरवून गाडी बंद केली. इतक्यात ती म्हातारी बोचकं डोक्यावर घेऊन गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून गेली, आमच्याकडे न बघता. मग मात्र भरल्या गाडीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडलो.

मागून आलेल्या गाडीत त्यांनी मला बसवलं. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतला पडदा तपासला. पडद्याची शीर गुठळीने तुंबली होती, मागे सूज आली होती. कोरोनात रक्त घट्ट होतं, त्याने असं होऊ शकतं, पण खात्रीने तेच कारण असं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" डोळ्यात इंजेक्शनं झाली. आता बोटं मोजता येतात, अक्षरं लागत नाहीत. स्टिअरिंग गेलं ते गेलंच. मी डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतो.

पुढच्या तपासणीच्या दिवशी एक ड्रायव्हर, कोरोनातून उठलेला, खिडकीशी आला. डोळे मिचकावत म्हणाला, "मामा, शेवटची ओळ सांगा की."

"आधी उजवा डोळा झाक," मी म्हणालो आणि हात वर केला. "बोटं किती?"

तो हसला. मी हसलो नाही, तसा त्याने गुमान डोळा झाकला.

"बोटं कुठंयत, मामा? मूठ हाय की ती."

"व्हय," मी म्हणालो. "जा मग. तुला ओळ पाठ करायची गरज न्हाई."