फुगडीत आधी पुरे कोण म्हणणार

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी गौरीच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळीची जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका जमतात आणि फुगडी सुरू होते. मी राधानगरीकडनं लग्न होऊन आले, त्या पहिल्याच गौरीला थोरल्या जाऊबाईंनी माझे हात धरले. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. "घट्ट धर की गं, भिंतीवर आपटशील मला!" असं ओरडून त्यांनी जी गिरकी घेतली ती थांबायचं नावच नाही. पुढे आमच्यात नियमच ठरला. जी आधी "पुरे" म्हणेल तिनं पुरणाचं पातेलं घासायचं. अठरा गौरी पातेलं मीच घासलं. अक्कांच्या तोंडून "पुरे" हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता. फुगडीत नाही, ताटात वाढताना नाही आणि बोलताना तर नाहीच नाही.

धाकटं पोर झालं तेव्हापासून शिंकलं की माझी थोडी लघवी निसटायची. बाळंतपणानंतर होतंच असं सगळ्या म्हणतात, मीही तेच म्हणत ते अंगावर काढलं. पण चाळिशी जवळ आली तसं त्याचं तंत्रच बिघडलं. पंधरा-पंधरा दिवस काही नाही, मी खूश. मग एकदम चार-पाच दिवस असे यायचे की हसले तरी थेंब, जिना उतरले तरी थेंब, पाण्याची कळशी उचलली तर विचारूच नका. त्याचा काही हिशोबच लागेना. मला माझ्याच शरीराचा असा राग यायचा! पाणी पिणं तोडलं, गडद रंगाच्याच साड्या नेसायला लागले, कुठं गेले की आधी संडास कुठं आहे ते बघायचं. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. त्याला एवढंच दिसलं की बायको हल्ली गाडीवर मागं बसत नाही. "माझ्या गाडीला काय वास मारतोय व्हय?" एकदा चिडून म्हणाला. वास माझाच येईल या भीतीनं मी बसत नव्हते. स्पीडब्रेकर आला की माझा जीव मुठीत. पण हे सांगणार कसं?

दोन वर्षांमागं गौरी आल्या त्या नेमक्या अशाच वाईट दिवसांत. भरल्या खोलीत बायका, मध्ये मी गरागरा फिरतेय आणि फरशी ओली झालीय, एवढं चित्र डोळ्यापुढं आलं आणि मला घाम फुटला. सकाळी अक्का डाळ शिजायला टाकत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारातनंच म्हणाले, "अक्का, मला अडचण आली." आमच्याकडं पाळीत गौरीला शिवत नाहीत, नैवेद्याच्या स्वयंपाकालाही हात लावत नाहीत. आणि सणाचं कुणी करायचं हे आधी ठरावं म्हणून अक्का दोघींच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल ठिपक्यांनी मांडून ठेवतात. त्यांनी एकदा कॅलेंडरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"अजून आठवडा हाय की गं."

"लवकर आली."

"बरं, जा. पाठ शेकून घे."

त्यांनी एकटीनं पन्नास पोळ्या लाटल्या. माझं ताट खोलीत आणून दिलं, वर तुपाची धार नेहमीपेक्षा जास्त. तो घास मला गिळेना. बाहेर फुगडी रंगली होती, अक्का गल्लीतल्या कुणाचे तरी हात धरून फिरत होत्या, आणि मी दाराच्या फटीतनं बघत होते. लाज वाटत होती, आणि अक्कांचे हात धरलेल्या त्या बाईचा हेवाही वाटत होता. तेही का लपवू?

सातव्या दिवशी खरी पाळी आली. बाथरूमच्या फळीवर अक्कांना पॅडचा नवा पुडा दिसला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आठवड्यात दोनदा? ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं."

"अक्का, काही नाही हो—"

"गप बस! माझी आत्ती असंच काही न्हाई, काही न्हाई करत गेली."

त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरनं उतरवलं, गुंडाळी करून काखेत मारलं आणि कोपऱ्यावर रिक्षा थांबवली. वाटेत खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. पण त्या माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या आणि रिक्षावाल्याला सांगत होत्या, "पावणं, जरा दमानं. पेशंट हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. अक्कांनी खुर्चीत बसायच्या आधीच सुरुवात केली. "हिला आठवड्यात दोनदा पाळी आली. काय मोठं निघालं तर आधी मला सांगा डॉक्टर. हिला नको, ही लई भित्री हाय."

हे ऐकलं आणि मला राहवलंच नाही. "अक्का, गौरीला आली नव्हती. मी खोटं बोलले."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "म्हंजे तू ठणठणीत हुतीस? अन् मी एकटी लाटत बसले?" मग आवाज खाली आला. "माझ्यासंगं फुगडी नको झाली व्हय तुला?"

चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. त्यांचे डोळे भरले होते.

"अहो पाहिजे की फुगडी! पण फुगडीत लघवी होते माझी!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांनी ऐकलं असणार. सात वर्षं नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट मी अख्ख्या दवाखान्याला सांगून टाकली.

डॉक्टर हसल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. रोज होतं का, कधी होतं, विचारलं. मी म्हणाले, त्याचा काही नेमच नाही. तेवढ्यात अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि टेबलावर कॅलेंडर पसरलं.

"ही बघा गौर. ही वटपौर्णिमा, गाडीवर बसत न्हाई म्हणाली, चालत गेली. ह्या दिवशी बारशाला आली न्हाई, पाय मुरगळलाय म्हणून. मुरगळला नव्हताच की मग! अन् हे लग्न, वरातीत एक पाऊल नाचली न्हाई."

मी कधी, कुठं, काय टाळलं ते सगळं अक्कांच्या ध्यानात होतं. मी आपल्यावर रुसलेय असं समजून ती बाई मनातल्या मनात दिवस धरून बसली होती. डॉक्टरांनी त्या सांगतील त्या तारखेवर पेन्सिलीनं फुली मारली. प्रत्येक फुलीनंतर चार-सहा दिवसांत एक लाल ठिपका होता.

"हा तुमचा नेम," डॉक्टर म्हणाल्या. बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडलेत, आणि पाळीच्या आधी हार्मोन्स बदलतात तेव्हा काही जणींना हा त्रास वाढतो, असं त्यांनी समजावलं. लघवी तपासायला पाठवली, मला आत नेऊन नीट तपासलं, कुठले स्नायू आवळायचे, किती वेळ धरायचे, मग पूर्ण सैल कसे सोडायचे ते शिकवलं. पाणी तोडल्याबद्दल रागावल्या. तीन महिने व्यायाम करा, त्यानं भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत, म्हणाल्या. औषध नाही, ऑपरेशन नाही. मला वाटलं उठून त्यांना मिठी मारावी.

घराजवळ रिक्षातनं उतरता उतरता अक्का म्हणाल्या, "सात वर्षं. शेजारच्या खोलीत असून."

त्या दिवसापासून सकाळी चहा उकळायला ठेवला की स्वयंपाकघरातनं हाक यायची, "आवळलंस का गं?" एकदा नवऱ्यानं ऐकलं आणि कामावर निघता निघता म्हणाला, "काय आवळायचंय? पाना देऊ?" मग काय, त्यालाही सगळं सांगावं लागलं. खाली मान घालून ऐकलं बिचाऱ्यानं. दुसऱ्या दिवशी मी गाडीवर बसले तर प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी जवळजवळ उभीच करून पुढं काढली. मागची मोटार भोंगा वाजवून थकली.

त्रास एका दिवसात गेला नाही. पहिला महिना तर मी वैतागून सोडूनच देणार होते, अक्कांनी सोडू दिलं नाही. चौथ्या महिन्यात मात्र एक जोराची शिंक आली आणि काही झालं नाही. मी मुद्दाम आणखी एकदा खोटंच शिंकून बघितलं.

आणि पुढच्या वर्षीची गौर आली. कॅलेंडर बघितलं तर ठिपका पुन्हा चार दिवसांवर. मी पदर खोचलाच. पॅड लावलं होतं, तरी धाकधूक होतीच. पोळ्या आम्ही दोघींनी मिळून केल्या. दुपारी बायका जमल्या, अक्कांनी हात पुढं केले, आम्ही पाय जुळवले, मागं रेललो आणि सुटलो. भिंती, गौरी, बायकांची तोंडं सगळं एक झालं. आपण किती वर्षं हे असं हसलो नाही, तेवढंच मनात येत होतं.

आणि अक्का मध्येच ओरडल्या, "पुरे! पुरे गं बाई! चक्कर आली मला."

बायकांनी एकच गलका केला. "अक्का हरली! अक्कानं पुरे म्हटलं!" टाळ्या, शिट्ट्या. अक्का कपाळाला हात लावून उभ्या होत्या, पण चक्कर आलेलं माणूस असं सरळ उभं राहत नाही. सगळ्यांची नजर चुकवून त्यांनी मला भुवईनं बाथरूमकडं खुणावलं. जा लवकर, मी हितं सांभाळते. त्यांनीही सकाळी कॅलेंडर बघितलं होतं.

मला रडू आवरेना. मी त्यांच्या कानाशी गेले. "अक्का, काही झालं नाही. कोरडी आहे मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय! उगंच हरले की मी!" असं म्हणत त्यांनी पुन्हा हात पुढं केले.